कर्णधाराच्या हाती कुणाचा कान?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या वाचनालयाची शताब्दी जवळ आली आहे. मंडप, देणग्या, स्मरणिका यांच्या उपसमित्या झाल्या. आता त्यांच्या वरची, एकूण दिशा ठरवणारी समिती नेमायची आहे. कुणीतरी ‘सुकाणू समिती’ हे नाव सुचवलं. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली: सुकाणू अरबी आहे, शताब्दीच्या कागदपत्रांत तो नको, त्यापेक्षा ‘कर्णधार समिती’ म्हणा, तो अस्सल संस्कृत शब्द. दुसऱ्या एकांनी समेट घडवायला सांगितलं की सुकाणू अरबी नाहीच, ‘सु’ अधिक ‘कर्ण’ असाच तो झालाय. आणि हे सगळं घरी ऐकणाऱ्या भाचीने विचारलं, ‘कर्णधार म्हणजे कान धरणारा ना? मग क्रिकेटचा कर्णधार कुणाचा कान धरतो?’ तिला कुणालाच उत्तर देता आलं नाही म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

कोशाचं काम आणि वर्तमानपत्राची मुद्रितं तपासणं, या दोन्हींत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे असे वाद ओळखीचे आहेत. यात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आपल्याकडे कुठून आला, आणि आज तो वापरावा का. लोक पहिल्या दोहोंचं उत्तर मिळालं की तिसऱ्याचंही मिळालं असं धरून चालतात. तसं होत नाही. शब्दाचं मूळ शोधायला पुरावे लागतात, वापराचा निर्णय मात्र कोण वाचणार आणि कुठे वाचणार यावर ठरतो. म्हणून आधी मुळाकडे जाऊ आणि समितीच्या नावाचा निकाल शेवटी लावू.

भाचीचा प्रश्न यातला सगळ्यात चांगला आहे, सुरुवात तिथूनच करते. ती बरोबर आहे. कर्ण म्हणजे कान, धार म्हणजे धरणारा. फक्त हा कान माणसाचा नाही, नावेचा आहे. संस्कृतात कर्ण या शब्दाला कानाशिवाय इतरही अर्थ आहेत. शाळेत काटकोन त्रिकोणाचा कर्ण आपण सगळ्यांनी काढलाय, तोही हाच शब्द. त्या अर्थांपैकी एक आहे नाव वळवण्याचं साधन, म्हणजे सुकाणू. ते हाती धरतो तो कर्णधार. अमरकोशाच्या वारिवर्गात जहाजावरच्या माणसांची ओळच लागली आहे: ‘सांयात्रिकः पोतवणिक् कर्णधारस्तु नाविकः’. सांयात्रिक म्हणजे जहाजाने व्यापार करणारा, आणि कर्णधार म्हणजे नाविक. पुढच्याच ओळीत ‘नियामकाः पोतवाहाः’ असं येतं. हा नियामक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पण सुकाणूला कान का म्हणावं? इथे शब्दाकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही, वस्तू बघायला हवी. आज सुकाणू म्हटलं की जहाजाच्या मागच्या टोकाला, बरोबर मध्यभागी, बिजागऱ्यांवर फिरणारी फळी डोळ्यांसमोर येते. जुन्या जहाजांना तसं नसे. मागच्या भागात, पण कुशीला, एक मोठं रुंद पात्याचं वल्हं बांधलेलं असे. कधी एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना. सुकाण्या त्याचा दांडा धरून ते पिळायचा, पातं पाण्यात तिरकं व्हायचं, त्यावर एका बाजूने पाण्याचा दाब यायचा आणि जहाजाची शेपटी बाजूला सरकून तोंड वळायचं. अजिंठ्याला गेलात तर दोन क्रमांकाच्या लेण्यातलं जहाजाचं चित्र आवर्जून बघा. तीन डोलकाठ्या आहेत, रांजण रचलेले आहेत, आणि मागच्या कुशीला सुकाणूचं वल्हं आहे. गाईड सहसा तिथे थांबत नाहीत, त्यांना सांगावं लागतं.

आता हे बाजूने बाहेर आलेलं पातं म्हणजेच नावेचा कान, असं मला वाटतं. मराठीत आपण आजही बाजूला निघालेल्या भागाला कानच म्हणतो. कढईचे कान, कपाचा तुटलेला कान. संस्कृतातही भांड्याच्या कडीला, मुठीला कर्ण म्हणत. शिवाय बाजूच्या सुकाणूवरून नावं पडल्याचा दाखला दुसरीकडेही आहे. जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत स्टारबोर्ड म्हणतात. त्यातला ‘स्टार’ आकाशातला नाही, तो ‘स्टिअर’ आहे. उत्तर युरोपातल्या नावांचं सुकाणू उजव्या कुशीला बांधलेलं असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. एवढंच काय, सुकाणूला इंग्रजीत जो रडर शब्द आहे, तो मुळात वल्ह्याचाच. ऋग्वेदात अश्विनांच्या शंभर वल्ह्यांच्या नावेला ‘शतारित्रा’ म्हटलं आहे, त्यातल्या अरित्राचा आणि या रडरचा धातू एकच आहे. आधी वल्हं होतं, मग त्यातलं एक वळवण्यापुरतं राखून ठेवलं गेलं.

तेव्हा भाचीला सांगा: कर्णधार संघाचा कान धरत नाही, नावेचा धरतो. (एखादा कर्णधार दोन्ही करतो, तो भाग वेगळा.)

नावेचा हा माणूस राज्याचा आणि समाजाचा माणूस कधी झाला? फार पूर्वीच. हितोपदेशात एक श्लोक आहे: ‘यदि न स्यान्नरपतिः सम्यङ्नेता ततः प्रजा। अकर्णधारा जलधौ विप्लवेतेह नौरिव॥’ नीट नेणारा राजा नसेल तर प्रजेचं कर्णधार नसलेल्या नावेसारखं होईल, समुद्रात हेलकावे खात बुडेल. या एकाच श्लोकात नेता आणि कर्णधार शेजारी शेजारी आहेत. नेता हा ‘नी’ धातूपासून आला, नेणे त्याच्याच घरातलं. नायक, नाईक, नीती, सेनानी, आणि जो आपल्याला वाट दाखवत नेतो तो नेत्र, ही सगळी एकाच धातूची पिलावळ. नेता पुढे चालतो, कर्णधार मागे बसून वळवतो. हा फरक मला नेहमी सुंदर वाटत आला आहे. सुकाणू जहाजाच्या नाकाशी नसतं, शेपटीशी असतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात हीच प्रतिमा अध्यात्माकडे वळते. माणसाचा देह ही सुबक नाव, गुरू तिचा कर्णधार, आणि अनुकूल वारा म्हणजे ईश्वराची कृपा. शब्दच आहे ‘गुरुकर्णधारम्’. मराठी वाचकाला हा स्कंध परका नाही, कारण एकनाथांनी ओवीबद्ध टीका लिहिली ती याच स्कंधावर. तुलसीदासांच्या अयोध्याकांडात कौसल्या दशरथाला म्हणते, ‘करनधार तुम्ह अवध जहाजू’. रामाचा विरह हा समुद्र, अयोध्या हे जहाज, तुम्ही त्याचे कर्णधार, तुम्हीच धीर सोडलात तर कसं चालेल. म्हणजे 1971 साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये जिंकला तेव्हा ‘कर्णधार वाडेकर’ लिहिणाऱ्यांनी काही नवं जुळवलं नव्हतं. शतकानुशतकं रूपक म्हणून वापरला गेलेला शब्द त्यांनी मैदानावर आणला. इंग्रजीतला कॅप्टन लॅटिनमधल्या डोक्यावरून आला, आपला कानावरून. आपल्या शेजाऱ्यांनी आणखी वेगळं केलं. हिंदीवाले कप्तान म्हणतात, बंगाली वर्तमानपत्रं अधिनायक छापतात, आणि गुजराती वर्तमानपत्रं लिहितात सुकानी. म्हणजे सभासदांना जो शब्द नको आहे, त्याच्याच घरातला शब्द गुजरातीत क्रिकेटच्या कप्तानाला लागतो.

आता एक बारकावा, ज्यावर सगळा निकाल अवलंबून आहे. कर्णधार मराठीत आला तो पोथ्यांतून, बोलण्यातून नाही. हे कसं कळतं? तोंडातोंडी आलेला संस्कृत शब्द झिजतो. कर्णाचा प्राकृतात कण्ण झाला आणि मराठीत कान. ‘धार’ तर जवळजवळ नाहीसाच होतो. सूत्रधाराचा सुत्तहार झाला आणि त्याचा आपला सुतार. कर्णधार जर किनाऱ्यावरच्या माणसांच्या बोलण्यातून पिढ्यान्‌पिढ्या आला असता तर तो आपल्याला कान्हार, कानार अशा कुठल्याशा रूपात भेटला असता. तो जसाच्या तसा, घडी न मोडता भेटतो, याचा अर्थ तो शिकलेल्यांनी पोथीतून उचलला. कोळीवाड्यात जाऊन बघा, होडी चालवणाऱ्याला कुणी कर्णधार म्हणत नाही. तिथे तो तांडेल असतो. कर्णधार हा शब्द मराठीत बोटीत कधी बसलाच नाही. तो थेट संपादकीयात आणि क्रीडापानावर उतरला.

सुकाणूचं अगदी उलट आहे. तो बंदरावरचा शब्द. आणि समेट घडवणाऱ्यांची क्षमा मागून सांगते, तो सु अधिक कर्ण नाही. तीन गोष्टी आड येतात.

पहिली, आवाज. संस्कृतातल्या ‘र्ण’चा मराठीत साधारणपणे ‘न’ होतो, ‘ण’ नाही. कर्ण, कान. पर्ण, पान. चूर्ण, चुना. सुवर्ण, सोनं. त्या हिशोबाने सुकर्णाचं काही झालंच असतं तर सुकान झालं असतं. (वर्णाचा वाण होतो की, असं कुणीतरी लगेच म्हणेल. होतो. ‘वाण नाही पण गुण लागला’ म्हणतो आपण. अपवाद आहेत, पण अपवादावर घर बांधता येत नाही.) दुसरी, अर्थ. ‘सु’ लावून ‘चांगलं सुकाणू’ म्हणायची गरज कुणाला पडणार? अवजारांना आपण अशी विशेषणं चिकटवत नाही. सुनांगर, सुकुऱ्हाड कुणी ऐकलंय? तिसरी आणि सगळ्यात वजनदार, शब्दाची सोबत.

अरबीत सुकाणूला ‘सुक्कान’ म्हणतात, आजही. अर्थ तोच, वस्तू तीच. मराठीने जोड ‘क्क’ सोडला, शेवटच्या ‘न’चा ‘ण’ केला, जसा फारसी निशानचा आपण निशाण केला. आणि त्याला नपुंसकलिंगी ‘ऊं’ लावला, जसा तारूं, लिंबूं, पाखरूं यांना आहे. जुन्या छापील पुस्तकांत ‘सुकाणूं’ असा अनुस्वारासह दिसतो तो त्यामुळेच. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि तो सुकाणू झाला. शेजारी गुजरातीत तो सुकान म्हणूनच राहिला. तो इंग्रजांच्या जहाजांवरही गेला, आणि इंग्रज अधिकारी सुकाणीला ‘सीकनी’ म्हणू लागले. सुकाणी म्हणजे चाकावरचा खलाशी.

आणि सोबत म्हणाल तर, सुकाणू एकटा आलेला नाही. नाखवा पहा: फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा खुदा, नावेचा धनी. सारंग: फारसी सरहंग, नायक. मालीम, जो जहाजाची वाट ठरवतो: अरबी मुअल्लिम, शिकवणारा. खलाशी अरबी. बंदर फारसी, दर्या फारसी. वारा कधी फिरणार हे ज्यावर ठरतं तो मोसमही अरबी, आणि तोच पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून मान्सून झाला. एखादा शब्द परका की घरचा हे ठरवताना मी नेहमी त्याच्या शेजाऱ्यांची नावं विचारते. अख्खी आळी जर एका गावची असेल तर मधल्याच घराने वेगळं कुलदैवत सांगावं, हे पटत नाही.

यात नवल काहीच नाही. कोकणच्या बंदरांत अरब आणि इराणी व्यापारी हजार वर्षांहून आधीपासून होते. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन 916 च्या सुमारास आपल्या चौलला येऊन गेला. त्याच्या लिखाणात चौल ‘सैमूर’ आहे. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, त्यांत सिराफ (इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर), ओमान, बसरा, बगदादकडचे लोक आहेत, असं तो लिहितो. आकडा त्याचा आहे, मोजणी कशी केली ते त्यालाच ठाऊक, पण वस्ती भरघोस होती हे उघड आहे. एका जहाजावर चौलचा, सिराफचा आणि गुजरातचा माणूस एकत्र काम करणार, वादळात एकमेकांना ओरडून सांगणार, तर सुकाणूला तिघांचा मिळून एकच शब्द असायलाच हवा. दर्यावर्दी भाषा अशीच घडते. तिथे व्युत्पत्तीवर वाद घालायला कुणाला सवड नसते.

ज्येष्ठ सभासदांच्या मनात बहुधा भाषाशुद्धीची परंपरा असेल, आणि ती परंपरा क्षुल्लक नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण त्याच महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होता, आणि पुढे कान्होजी आंग्रे मिरवत ते पद सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. समुद्राने आपले शब्द सोडले नाहीत. खुद्द ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आला. आणि जाता जाता, सभासदांनी जी हरकत घेतली ती हरकतही अरबीच आहे.

आता तो नियामक. अमरकोशात तो जहाज नेणारा आहे हे वर आलंच. पालीत याच कामाला निय्यामक म्हणतात, आणि जातककथांमध्ये 463 क्रमांकाची कथा एका निय्यामकाचीच आहे. त्याचं नाव सुप्पारक. नावावरून ओळखलं असेल, हे आपलं सोपारा, आजचं नालासोपारा, प्राचीन शूर्पारक. कथा घडते मात्र भरुकच्छ म्हणजे भडोचला. हा सुप्पारक खलाशांच्या मुखियाचा मुलगा, स्वतः निष्णात. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्याने त्याचे दोन्ही डोळे गेले. समुद्र सोडून तो राजाकडे वस्तूंची पारख करण्याच्या कामाला लागला. पुढे व्यापारी जहाज घेऊन निघाले तेव्हा त्यांनी या आंधळ्या माणसाला गळ घातली: तूच आमचा निय्यामक. जहाज भरकटतं, एकामागून एक अनोळखी समुद्र लागतात. खलाशी दिसेल ते सांगतात, पाण्याचा रंग, लाटांचा आकार, आणि हा नुसतं ऐकून कुठला समुद्र ते ओळखतो. शेवटी सगळं गिळणाऱ्या वडवामुखाशी जहाज आलं तेव्हा आपल्या सत्याच्या बळावर तो ते परत फिरवतो. कर्णधार शब्दात कान आहे आणि या कथेतला नियामक केवळ कानांच्या भरवशावर जहाज नेतो, हा निव्वळ योगायोग आहे. व्युत्पत्ती म्हणून कुणी पुढे ढकलू नये.

आज नियामक शब्द कुठे दिसतो? वीज नियामक आयोग. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचं नियामक मंडळ. जहाज पार विसरून गेलं, उरलं फक्त ताब्यात ठेवणं. गंमत अशी की पश्चिमेकडेही हेच घडलं आहे. ग्रीकमध्ये सुकाणू धरणाऱ्याला किबेर्नेतेस म्हणत. लॅटिनने त्याचा गुबेर्नातोर केला, आणि तोच फिरत फिरत गव्हर्नर झाला. म्हणजे राजभवनातले आणि रिझर्व्ह बँकेतले गव्हर्नर हे मुळात सुकाणूवरचे. 1948 मध्ये अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनरने यंत्रं आणि प्राणी स्वतःला कसे सावरतात, दिशा कशी दुरुस्त करतात याच्या शास्त्राला नाव दिलं तेव्हा तो पुन्हा त्याच ग्रीक शब्दाकडे गेला आणि सायबरनेटिक्स जन्मलं. त्याचा शेंडा तोडून आपण ‘सायबर’ घेतला. सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलात तर दारावरच्या पाटीत एक ग्रीक कर्णधार आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कर्णधार पोथीतून आलेला संस्कृत शब्द, सुकाणू बंदरातून आलेला अरबी शब्द, दोन्ही एकाच वस्तूभोवती फिरणारे. फरक असा की एक माणसाचं नाव आहे आणि एक अवजाराचं. तुमच्या समितीचा निकाल यावर लागतो, अरबी-संस्कृतावर नाही.

कर्णधार एकटा असतो. एका नावेला दोन कर्णधार झाले तर काय होतं ते सांगायला नको, आपल्याकडच्या कित्येक सहकारी संस्था त्याची साक्ष देतील. म्हणून ‘कर्णधार समिती’ वाचताना अकरा कप्तान टॉससाठी उभे असल्यासारखं वाटतं. सुकाणू हे साधन आहे. ते अनेकांनी मिळून हाती धरलेलं असू शकतं, म्हणून समितीला ते नाव शोभतं. शिवाय ते रुळलेलं आहे. 2017 च्या जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या, आणि सरकारशी बोलणी करायला जी नेमली गेली तिला सगळ्या महाराष्ट्राने सुकाणू समिती म्हटलं. तेव्हा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. जहाजावर सुकाणू धरणारा आणि वाट ठरवणारा हे दोघे बहुधा वेगळे असत. मालीम सांगणार, सुकाणी वळवणार. सीकनी हा कप्तान नव्हता, हुकमाचा ताबेदार होता. तेव्हा तुमची समिती खरोखर काय करणार आहे हे आधी ठरवा. ती फक्त दिशा सांगून मोकळी होणार आणि उपसमित्या आपापलं बघणार असतील, तर ‘सल्लागार समिती’ जास्त प्रामाणिक. उपसमित्या चुकीकडे निघाल्या तर त्यांना वळवायचा अधिकार तिला असेल, तर सुकाणू समितीच. आणि पैसे, नेमणुका, नियम सगळंच तिच्या हाती असेल तर ते नियामक मंडळ झालं, पण मग वाचनालयाच्या कार्यकारिणीने काय करायचं, असा प्रश्न पहिल्याच सभेत उठेल. हे तुमच्या घटनेवर अवलंबून आहे, इथे बसून मी सांगू शकत नाही.

ज्येष्ठांचं मन राखायचं असेल आणि वाद वाढण्याइतका वेळ नसेल, तर ‘मार्गदर्शक समिती’ हा साळसूद पर्याय आहेच. मला तो आवडत नाही. मार्गदर्शक मंडळात ज्यांना काम द्यायचं नसतं त्यांची नावं घालतात, असा आपल्याकडे समज आहे, आणि ज्येष्ठ मंडळींना तो ठाऊकही असतो.

वाक्यांबद्दल थोडं, कारण स्मरणिका निघणारच आणि त्यात ही नावं येणारच. क्रीडापानांवर ‘कर्णधारपदाची धुरा’ रोज छापून येते. धुरा म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. धुरीण, धुरंधर तिथलेच. म्हणजे कर्णधारपदाची धुरा म्हटल्यावर नावेला बैल जुंपले गेले. मुद्रितं तपासताना मी सुरुवातीला हे खोडत असे, नंतर सोडून दिलं, कारण दोन्ही रूपकं इतकी झिजली आहेत की वाचणाऱ्याला ना नाव दिसते ना बैल. पण ‘सुकाणूची धुरा खांद्यावर घेतली’ असं कुणी लिहिलं तर आजही खोडते. सुकाणू अजून झिजलेलं नाही, त्यात पाणी दिसतं. सुकाणू हाती घेतात, हाती सोपवतात, हातून सुटतं. ते खांद्यावर घेत नाहीत, पेलत नाहीत, आणि ‘मजबूत’ तर मुळीच करत नाहीत.

लिंग नपुंसक: ते सुकाणू. अलीकडे ‘तो सुकाणू’ असं वाचायला मिळतं, कदाचित शब्दाचा शेवट लाडूसारखा असल्यामुळे, पण तारू आणि पाखरू जसं ते, तसं सुकाणूही ते. पहिला ‘सु’ ऱ्हस्व, शेवटचा ‘णू’ दीर्घ, आणि विभक्तीतही दीर्घच राहतो: सुकाणूचे, सुकाणूला, सुकाणूवर. पत्रिकेसाठी ओळ हवी असेल तर साधीच ठेवा: ‘शताब्दी वर्षाच्या नियोजनासाठी वाचनालयाने सात सभासदांची सुकाणू समिती नेमली आहे.’ सातच्या जागी तुमचा आकडा घाला. सभासद वाढवायचा मोह झालाच, तर त्यांना उपसमित्यांत घ्या, तिथे वल्हवायला माणसं कायम कमी पडतात.